तोंडावरचं तेज

“काय तेज आलंय गं बाई तोंडावर!”

कुरुंदवाडहून दर्शनाला आलेल्या दोघींनी उंबऱ्यातच हात जोडले. त्यातली जाडजूड बाई पुढं येऊन आईच्या चटईपाशी गुडघ्यावर बसली आणि वाकून तिचा चेहरा न्याहाळू लागली.

“अन्न सोडून महिना होऊन गेला म्हणं, आणि कातडी बघ की. नुसतं लोणी. आपण दोन वेळा जेवून असली होत न्हाई.”

“खाऊन होत असती तर तुझी कवाच झाली असती,” दुसरी म्हणाली. “तप हाय ते.”

आई डोळे मिटून पडली होती. तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. मी पायाशी बसले होते. मला वाटलं, तिला त्या बाईचा विनोद कळला.

बायका उठल्या. दारात माझा भाऊ धन्यकुमार उभा होता. पांढरा झब्बा, खांद्यावर पंचा. त्यानं त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. फाटकावर त्यानं फलक लावला होता. त्यावर आईचा त्याच्या लग्नातला फोटो आणि खाली ‘सल्लेखनारत श्रीमती राजमती नेमगोंडा पाटील’. सांगलीपासून, निपाणीपासून माणसं येत होती. पुढच्या खोलीतला सोफा, टीव्ही, सगळं हलवून तिथं चटया टाकल्या होत्या.

आईची मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवायचं सुचवलं, तेव्हा ती म्हणाली होती, “त्या यंत्राला कशाला तरास?” घरी आली आणि सरळ बस्तीत गेली. गावच्या जैन मंदिराला आम्ही बस्ती म्हणतो. तिथं चातुर्मासासाठी एक माताजी, म्हणजे जैन साध्वी, उतरल्या होत्या. त्यांच्याकडून तिनं सल्लेखनेचा, म्हणजे एकेक अन्न सोडत मरणाला सामोरं जायचा, नियम घेतला. आधी धान्य सोडलं, मग दूध, मग ताक. मी पुण्याहून रजा काढून आले तोवर उकळून गार केलेलं पाणी तेवढं उरलं होतं, तेही दिवसातून एकदा, दुपारी.

तेही सुटणारच होतं. पण आईनं माताजींकडं एक सवलत मागून घेतली होती. “माझी धाकटी येईपर्यंत पाणी राहू द्या,” ती म्हणाली होती. “तिची क्षमा मागायची ऱ्हायलीय.”

बाकी सगळ्यांची मागून झाली होती. सल्लेखना घेणाऱ्यानं कुणाशी वैर ठेवून जायचं नसतं. आईनं आमच्या चुलत्यांची मागितली, ज्यांच्याशी बांधावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं. मोलकरणीची मागितली. गवळ्याची मागितली. तो बिचारा घाबरून, “आवो, पाणी तर मीच घालत होतो दुधात,” असं म्हणून गेला. माझीही मागितली. मी “असू दे गं” म्हणून तिचे हात खाली केले. राहिली ती एकटी त्रिशला.

त्रिशलाला फोन मीच केला होता. धनू करणार नव्हता.

“आईनं पाणी ठेवलंय तुझ्यासाठी,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“तू येईपर्यंत पिणार. मग सोडणार. तिला तुझी क्षमा मागायचीय.”

पलीकडं कुकरची शिट्टी ऐकू आली. तिचा नवरा समीर तटरक्षक दलात होता आणि तेव्हा त्यांची बदली पोर्ट ब्लेअरला होती.

“इराची परीक्षा चाललीय,” ती म्हणाली. “शुक्रवारी संपेल. शनिवारचं विमान बघते.”

“आधी नाही जमणार?”

“नाही जमणार, आक्का.”

आईला हे सांगितलं तेव्हा तिनं बोटांवर वार मोजले. “टिकवते,” ती म्हणाली. जणू शेजारणीनं कढी ठेवायला दिली होती.

*

धनूच्या बायकोचं, स्वरूपाचं, मला तेव्हा नवल वाटायचं. तिचं आईशी कधीच फार जमलं नव्हतं. पण ते सगळे दिवस आईचं अंग तिनंच पुसलं. पहाटे दार लोटून घ्यायची, ओल्या फडक्यानं आईला पुसायची, कूस बदलायची. एकदा मी आत गेले तेव्हा ती एका काचेच्या वाटीतून पांढरं काहीतरी बोटावर घेऊन आईच्या गालाला, कपाळाला, टाचांना लावत होती.

“खोबरेल नाही का हे?”

“खोबरेल ऱ्हातच न्हाई हो वन्सं अंगावर. तुम्ही यायच्या आधी बघायला पायजे होतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सुटत होती. गालाला भेगा. पाणी प्यायला तोंड उघडलं की ओठातनं रक्त.” तिनं आईच्या हनुवटीखालून बोट फिरवलं. “पूनमनं दिलंय हे, पार्लरवाल्या. दोन दिवसांत भेगा मिटल्या.”

“गार वाटतंय,” आई म्हणाली.

“बघा! सासूबाईंनी माझ्या हातच्या कशाला बरं म्हणलेलं हे पहिलंच.”

“आमटी बरी करतीस की,” आई डोळे न उघडता म्हणाली. “मीठ सोडून.”

त्या दिवसांत घरात हसू यायचं, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

धनूला त्रिशलाचं येणं नको होतं. बुधवारी दुपारी तो मला विहिरीकडं घेऊन गेला. “आक्का, पंचक्रोशीतली माणसं येताहेत. मठातनं निरोप आलाय. अशात ती नवऱ्याला घेऊन दारात उभी ऱ्हाईल. लोक विचारणार, ही कोण? मग सगळं जुनं निघणार.”

“निघू दे.”

“तुला पुण्यात बसून बोलायला काय जातंय? मला इथं ऱ्हायचंय.”

“आईनं बोलावलंय तिला.”

“आईनं म्हणूनच गप बसलोय,” तो म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. आईशेजारी रोज तोच जागायचा, हेही सांगितलं पाहिजे.

*

गुरुवारी सकाळी पूनम आली. ती माझ्या मामेभावाची बायको, जयसिंगपुरात तिचं ब्यूटी पार्लर. केस तांबूस रंगवलेले, तोंड कायम चालू. खोलीत त्या वेळी आठ-दहा बायका बसून णमोकार मंत्र म्हणत होत्या. पूनमनं आईला नमस्कार केला, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

“अय्या! स्वरूपा! हे बघ की गं! सांगितलं नव्हतं तुला?”

स्वरूपानं भुवयांनी तिला गप्प राहायला खुणावलं. पूनमच्या ते लक्षातच आलं नाही. बायकांचं म्हणणं थांबलं होतं. हेरल्याच्या एक म्हाताऱ्या काकू कौतुकानं म्हणाल्या, “तपाचं तेज हाय ते, पोरी.”

“तप तर हायच हो काकू. पण क्रीम बी हाय!” पूनम खाली बसली आणि आईच्या गालाला पालथं बोट लावून बघितलं. “कोलाजेनचं हाय. आपल्या कातडीत असतंय तेच. वय झालं की कमी होतंय, मग सुरकुत्या. हे वरनं लावलं की कातडीतलं पाणी धरून ठेवतंय. माझ्याकडं येणाऱ्या बायका केसाला बी लावतात. हजाराच्या खाली मिळत न्हाई, पण आत्तींसाठी मी तसंच दिलं.”

“कशाचं करतात म्हणं?” काकूंनी विचारलं. त्यांच्याही गालावर सुरकुत्यांचं जाळं होतं.

“साधं असतंय ते जनावराच्या कातडीचं. ते मी ठेवतच न्हाई, आपल्या लोकांना कसं द्यायचं? हे भारीतलं, समुद्रातलं. माशाच्या खवल्यांपास्नं…”

ती थांबली. पण सगळं बोलून झालं होतं. तिनं तोंडावर हात ठेवला. तिची नखं गुलाबी होती.

काकूंनी आपलं बसकर हळूच मागं ओढलं. अगदी थोडं, पण ओढलं.

“खायचं थोडंच हाय?” पूनम पुटपुटली. “लावायचं हाय नुसतं.”

धनूनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. बायका एकेक करून उठल्या. आईचे डोळे मिटलेलेच होते.

स्वयंपाकघरात स्वरूपा ओट्याला टेकून रडत होती. “मला काय म्हाईत? मी म्हणलं, कोरफड-बिरफड असंल. त्यांच्या ओठातनं रक्त येत होतं वन्सं, मी काय करायला पायजे होतं?”

“कुणी काही म्हणतंय का तुला?” मी म्हणाले.

“कुणी काही म्हणायच्या आधी आपण म्हणायचं,” धनू म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “पूनमची चूक झाली. कोरफडीचं होतं, ती दुसऱ्याच क्रीमबद्दल बोलली. मी त्या सगळ्यांच्या घरी जाऊन सांगतो. आणि आईला एक अक्षर कळता कामा नये.”

“आईंनी ऐकलं असंल,” स्वरूपा म्हणाली.

“झोपली होती ती.”

मीही मान हलवली. माझं कारण वेगळं होतं. आज गुरुवार होता. शनिवारपर्यंत काही हलू नये, एवढंच मला हवं होतं.

*

दुपारी पाणी द्यायची वेळ झाली. स्वरूपानं वाटीत पाणी आणलं, चमच्यानं पाजायला बसली. आईनं तोंड उघडलं नाही. डोळे उघडले.

“कशाचं होतं गं ते?”

स्वरूपानं धनूकडं बघितलं. धनू घाईघाईनं पुढं झाला. “आई, कोरफडीचं होतं. पूनमचं काय ऐकतीस, तिला काय…”

“तुला न्हाई विचारलं. हिला विचारलं.”

चमच्यातलं पाणी स्वरूपाच्या हातावर सांडलं. “माशाचं होतं, आई,” ती म्हणाली. “मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ.”

आई छताकडं बघत राहिली. मग तिच्या नाकातून एक आवाज आला. जोर असता तर ते हसणं झालं असतं.

“त्रिशलाला मी पायरीवर बसवली,” ती म्हणाली. “आणि मासा माझ्याच तोंडाला लागला.”

ती पायरीची गोष्ट घरात त्यानंतर कधीच कुणी काढली नव्हती. देवगडच्या समीर तांडेलशी लग्न केल्यावर त्रिशलाला कुणी घरी बोलावलं नव्हतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तेव्हा आई नाही म्हणणार नाही, असं तिला वाटलं. सातव्या महिन्यात पोट घेऊन ती एकटी एसटीनं आली. मीही त्या वेळी सुट्टीला घरी होते. आईनं तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. विचारलं, “घरात मासे शिजतात?” त्रिशला म्हणाली, “शिजतात.” “तू खातीस?” तिला नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “खाते.” “मग बाळंतपण तिकडंच कर. माझ्या चुलीपाशी तुला घेता यायची न्हाई.” त्या दिवशी घरी पुरणपोळी होती. आईनं पत्रावळीवर वाढून बाहेर पाठवली. त्रिशलानं पायरीवर बसून दोन्ही पोळ्या खाल्ल्या. भूक लागली होती तिला. मग हात धुतले आणि परतीची एसटी धरली.

आता आईच्या तोंडून त्या पायरीचं नाव ऐकून मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. मी तिचा हात धरला. म्हटलं, “हेच तिला सांग. परवा येतेय ती.”

आईनं हात तसाच राहू दिला. “माताजींना बोलवा,” ती म्हणाली.

*

माताजी आल्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या साडीतल्या, हातात मोरपिसांची पिंछी. वय माझ्यापेक्षा कमीच असेल. त्या पाटावर बसल्या, धनूनं दबक्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“नकळत झालं,” त्या म्हणाल्या. “तोंड धुवा, णमोकार म्हणा. झालं. एवढं मनाला लावून घ्यायचं नाही, राजमतीबाई.”

“त्याचं न्हाई म्हणत मी,” आई म्हणाली.

“मग?”

आईला दम लागत होता. एकेक वाक्य ती सुटं सुटं बोलली.

“बायका तेज म्हणायच्या. मला गोड लागायचं. डोळे मिटून पडायची, पण कान उघडे. सकाळी गाडीचा आवाज आला, की वाटायचं, आल्या. आता म्हणतील.” ती थांबली. “तरुणपणी पावडर लावली न्हाई कधी. आणि मरताना चेहऱ्यात जीव अडकला.”

ओठाचा तो हललेला कोपरा मला तेव्हा कळला.

माताजींनी पिंछी मांडीवर ठेवली. “तुम्हाला दिसलं, तुम्ही बोललात. दोष तिथंच संपला.”

“माझा न्हाई संपत. पाणी सोडते.”

“आई!” मी म्हणाले. “परवा त्रिशला येतेय.”

“तिच्यासाठी पाणी ठेवलं, तोही मोहच.”

“घाई करू नका,” माताजी म्हणाल्या. “मुलगी येऊ द्या. तिच्याशी बोला. मग मी स्वतः नियम देते.”

“तुम्ही द्यायचा तर द्या, माताजी. मी मनानं घेतलाय.”

धनूनं हात जोडले होते. गालावरून पाणी वाहत होतं. “आईचा एवढा भाव आहे, तर…”

“तू गप्प बस,” मी म्हणाले. “तुला सोयीचंच झालं.”

“आक्का!”

“नाहीतर काय? दार लावायची गरजच उरली नाही तुला.”

स्वरूपा मला मागं ओढत होती. मी तिचा हात झटकून आईच्या तोंडाजवळ गेले. मला ओरडायचं होतं आणि तिच्या कानाशी हळूच बोलायचंही होतं. त्या दोन्हींच्या मधला कसलातरी आवाज माझ्या घशातून आला.

“तुला चार शब्द बोलायचेत तिच्याशी. चार. त्यासाठी महिनाभर टिकलीस. आता दोन दिवस नाही टिकायचं? गाल मऊ झाला म्हणून?”

“तू सांग तिला,” आई म्हणाली. “म्हणावं, आईनं क्षमा मागितली.”

“मी नाही सांगणार. पायरीवर तू बसवलीस. तू सांग.”

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. मला वाटतं, ती मला फक्त नीट ऐकत होती, लहानपणी मी पाढे म्हणताना ऐकायची तशी.

“मग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

वाटीतलं पाणी स्वरूपानं तुळशीला नेऊन घातलं. मग कोमट पाण्यानं आईचं तोंड पुसलं. कपाळ, गाल, हनुवटी, कानामागं. पुसता पुसता तिनं एकदा मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी काहीच केलं नाही.

*

त्रिशलाला मी कळवलं नाही; इराचा शेवटचा पेपर होता आणि शनिवारी ती येणारच होती. शुक्रवारी आईचा चेहरा पुन्हा कोरडा पडला. संध्याकाळपर्यंत गालाला पहिल्यासारख्याच भेगा आल्या. दर्शनाची रांग मात्र वाढली, कारण तिनं पाणीही सोडल्याचं गावोगाव कळलं होतं. हेरल्याच्या काकू पुन्हा आल्या. उंबऱ्यातून त्या फुटलेल्या ओठांकडं, खरखरीत कपाळाकडं बघून त्यांनी हात जोडले.

“काय तेज हाय बघा,” त्या शेजारणीला म्हणाल्या. त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

आईनं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिचा चेहरा हलला नाही.

शनिवारी उजाडता उजाडता ती गेली. धनू तिच्या कानाशी णमोकार म्हणत होता. मधेच त्याचा आवाज फुटला, तेव्हा पुढचं स्वरूपानं म्हटलं.

सल्लेखनेत गेलेल्याला झोपवून नेत नाहीत. आईला पद्मासनात बसवून पालखीत ठेवलं, पांढरी साडी, गळ्यात फुलं. सगळं आवरलं तरी धनू पालखी उचलू देईना. पंच म्हणाले, सूर्यास्ताच्या आत झालं पाहिजे. तो म्हणाला, “धाकटी बहीण येतीय. तिच्याशिवाय उचलायची न्हाई.” हे त्यानं सगळ्या पंचांसमोर, फाटकात उभं राहून, मोठ्यानं सांगितलं. मी गुरुवारी त्याला जे बोलले होते, ते त्या वेळी मला परत गिळता आलं असतं तर बरं झालं असतं.

दुपार कलताना गाडी आली. त्रिशला एकटीच होती. समीर आला नव्हता. ती बरीच जाडावली होती, चष्मा लागला होता. गर्दीनं तिला वाट करून दिली. पायऱ्या चढून ती पालखीपाशी आली.

“हात लाव,” धनू म्हणाला.

तिनं लावला नाही. आईच्या तोंडाकडं बघत ती उभी राहिली. मागून कुणीतरी “लेक हाय व्हय?” असं विचारलं, आणि धनू “व्हय, आमची त्रिशला” म्हणाला. मग पालखी उचलली. दहन आमच्या मळ्यात होतं, ती तिथपर्यंत मागोमाग चालत आली. रडली नाही.

*

मळ्यातून येऊन अंघोळी झाल्या. घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारून पिठलं-भाकरी आली. त्रिशला आणि मी मागच्या अंगणात, विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. अजून उजेड होता. मी तिला सगळं सांगितलं. स्वरूपाची वाटी, पूनमचे खवले, माताजी, पाणी. काही गाळलं नाही. आई मला काय सांगायला म्हणाली आणि मी काय उत्तर दिलं, तेही.

ती भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होती.

“म्हणजे तिनं तुला सांगायला सांगितलं, आणि तू नाही म्हणालीस.”

“हो.”

“बरं केलंस.”

मी तिच्याकडं बघितलं. तिनं तुकडा पिठल्यात बुडवला, पण तोंडात घातला नाही.

“इराची परीक्षा मंगळवारीच संपली होती, आक्का.”

मला कळायला वेळ लागला. “मग आली का नाहीस?”

“तू म्हणालीस, क्षमा मागणार आहे. मला वाटलं, ती मागेल आणि मी समोर उभी असेन, आणि सगळी माणसं बघत असतील, आणि मला हो म्हणावं लागेल. त्या घरात कुणाला नाही म्हणता येतं?” तिनं तुकडा पानात परत ठेवला. “मला नाही म्हणायचं होतं. धड, स्पष्ट. तेवढ्यासाठी येत होते. दिवस काढले, हिंमत गोळा केली. विमानात बसून पाठ करत होते. मी तुला क्षमा करत नाही. शांतपणे म्हणायचं, आवाज चढवायचा नाही, एवढंच घोकत होते.”

घरातून कुणीतरी विहिरीची मोटर चालू केली. पाईपमधून आधी हवा आली, मग पाणी.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता ते कुणाला म्हणू?”

एवढं बोलून ती रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. समीर निवृत्त झाला, ती दोघं देवगडला राहतात. आमचं बोलणं होतं, सणावारी, इराच्या लग्नाच्या वेळी तर रोज होत होतं. धनूशीही ती बोलते. दशलक्षण पर्व संपलं, की आमच्यात एकमेकांना फोन करून ‘उत्तम क्षमा’ म्हणायची रीत आहे. वर्षभरात काही दुखावलं असेल तर ते पदरात घ्या, असा तिचा अर्थ. समोरच्यानंही तेच म्हणायचं असतं. मी यादी करून सगळ्यांना फोन करते. तिला सगळ्यात शेवटी.

“त्रिशला, उत्तम क्षमा,” मी म्हणते.

ती म्हणते, “जेवलीस का, आक्का?”